पास झालेलं विमान

कुमुदताई गांगुर्डे शुक्रवारी सकाळी साडेसातला आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा माझ्या अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण होता. त्यांच्या हातात वहीचा फाडलेला कागद होता. तो बघूनच मी ओळखलं की आज पुन्हा एक विमान माझ्याकडे तपासणीला आलंय, आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. निवृत्त माणसाकडे सकाळी सकाळी कोणी काम घेऊन आलं की दिवस मार्गी लागतो.

"या, या. आज कोणती कंपनी?" मी विचारलं.

"उन्मेष दवाखान्यात आहे, भाऊ," त्या म्हणाल्या. "ऑफिसात बसल्या जागी पडला. डोक्यात रक्तस्राव झालाय. मशीनवर ठेवलंय. पल्लवी म्हणते, आई, मिळेल त्या विमानानं निघून या."

मी टॉवेलनं घाईघाईनं तोंड पुसलं. कानामागे साबण तसाच राहिला, तो दुपारी माझ्या बायकोनं, मंदानं दाखवला. उन्मेष म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा. टोरांटोला नोकरीला होता, पल्लवी त्याची बायको. यजमान गेले तेव्हा उन्मेष नववीत होता, आणि कुमुदताईंनी आमच्याच कॉलनीत बालवाडी चालवून त्याला इंजिनिअर केलं. कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्याकडे अ-आ-ई शिकलेली. माझी दोन्ही त्यातलीच.

मी म्हटलं, मग आजचंच तिकीट काढू. त्यांनी कागद पुढे केला. त्यावर बालवाडीच्या बाईंच्या गोल अक्षरात एका कंपनीचं नाव होतं.

"आधी हे बघून द्या," त्या म्हणाल्या. "तुम्ही पास केलंत की बसते."

इथं माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. ओझरला विमानाच्या कारखान्यात मी चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली एकोणीस तपासनीस म्हणून. आमच्याकडे प्रत्येक तपासनिसाला एक छोटा गोल शिक्का मिळायचा, त्यात त्याचा नंबर. माझा सत्तेचाळीस. भागात दोष नसला की त्याच्या कागदावर शिक्का मारायचा, म्हणजे पुढे काही झालं तर माणूस सापडतो. जे डोळ्यांनी पाहिलं नाही त्यावर शिक्का मारायचा नाही आणि जे पाहिलं ते लपवायचं नाही, या दोन नियमांवर माझी नोकरी झाली. या दोन नियमांपायीच माझी बढतीही हुकली, असं मंदाचं मत आहे. एकदा केसाएवढ्या ओरखड्यासाठी मी एक भाग चार दिवस अडवून धरला, तेव्हा साहेब वैतागून म्हणाले, बोरस्ते, तुम्ही बायको बघायला भिंग घेऊन गेला होतात का? मी म्हटलं, साहेब, बायको तीस हजार फुटांवर जाणार नव्हती.

निवृत्त झाल्यावर शिक्का जमा करावा लागला, पण खोड गेली नाही. कॉलनीतल्या बऱ्याच जणांची मुलं परदेशी, आणि विमानात बसायचं म्हटलं की आईबापांची पाचावर धारण बसे. मी लढाऊ विमानांवर काम केलेलं, प्रवासी विमानात जेमतेम दोनदा बसलेला. पण लोकांच्या लेखी विमान ते विमान. मग मीही एक जाड वही केली. एकेका कंपनीला दोन पानं. विमानांचं वय किती, वीस वर्षांत अपघात किती, त्यात चूक कोणाची, देखभाल कोण करतं. कॉम्प्युटरवर चौकशीचे अहवाल मिळतात, ते शब्दकोश घेऊन वाचायचे. कॉलनीत म्हणायचे, बोरस्ते विमानांच्या पत्रिका बघतो. म्हणेनात. घाबरलेल्या माणसाला कोटी उड्डाणांत एक अपघात असं सांगून काही उपयोग नसतो, तो स्वतःलाच तो एक समजतो. त्याला कोणीतरी ओळखीच्या माणसानं, मी बघितलंय, तू जा, एवढं सांगावं लागतं.

त्यात कुमुदताई सगळ्यांच्या वरताण. जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा न बसणारी बाई. उन्मेषनं दोन वर्षांपूर्वीच पासपोर्ट, व्हिसा सगळं करून दिलं होतं. दर तीन-चार महिन्यांनी तो तिकिटाची गोष्ट काढी, त्या कंपनीचं नाव घेऊन माझ्याकडे येत, आणि मी त्यात काहीतरी काढी. मी खोटं कधीच काढलं नाही. पण शोधलं की सापडतंच. दोन वर्षांत सात कंपन्या नापास झाल्या होत्या. उन्मेष मला फोनवर हसत म्हणायचा, काका, मी माझ्या लग्नालाही इतक्या मुली नाकारल्या नव्हत्या. मी ते चार लोकांत कौतुकानं सांगत असे. आता नाही सांगत.

तर शुक्रवारी दिवसभर मी ती कंपनी वाचली. दहा वर्षांत दोन अपघात, त्यातल्या एकात वैमानिकांची चूक. संध्याकाळी मी तसं सांगितलं, आणि लगेच हेही सांगितलं की त्यानंतर त्यांनी सगळं प्रशिक्षण बदललंय, आता जायला हरकत नाही. पण कुमुदताईंनी पुढचं ऐकलंच नाही.

"दोन? मग नको," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

शनिवारी दुसरा कागद आला. त्या कंपनीला अपघात नव्हता, पण विमानं जुनी, सरासरी एकोणीस वर्षांची. नको. रविवारी तिसरा. विमानं नवी, पण देखभाल बाहेरच्या ठेकेदाराकडे, आणि त्या ठेकेदाराला मध्यंतरी एकदा ताकीद मिळालेली. मी ते सांगता सांगता स्वतःवरच चिडलो. म्हटलं, ताई, ताकीद मिळालेला माणूस जास्त सांभाळून काम करतो. त्यांनी मान हलवली. मुलाला कसं आहे विचारलं, तर म्हणाल्या, तसंच आहे. एवढं बोलून त्या घरी गेल्या आणि गच्चीत गोधड्या वाळत घालू लागल्या. एप्रिलचं ऊन होतं. मी खिडकीतून बघत होतो. एकट्या बाईनं त्या दिवशी घरातल्या सगळ्या गोधड्या धुतल्या.

"या बाईचं काहीतरी वेगळंच आहे," मंदा म्हणाली.

"भीती आहे," मी म्हटलं. "भीतीनं माणूस असाच वागतो. हाताला काम लावून घेतो."

"पोरगं मशीनवर असताना कोणती आई विमानाचं वय विचारते हो? मी तर बैलगाडीनं निघाले असते."

मी तिला गप्प केलं. भीतीतलं मला जास्त कळतं, असा माझा समज होता.

सोमवारी सकाळी चौथा कागद आला. मी त्यांना बसवून घेतलं आणि निक्षून सांगितलं की आता हे शेवटचं. हे जसं असेल तसं, उद्या निघायचं. पल्लवीचे मलाही दोन फोन येऊन गेले होते. फार बोलत नव्हती बिचारी, एवढंच म्हणे, काका, आईंना पाठवा, आम्ही थांबलोय. मी तिला शब्द दिला होता.

"तुम्ही बघा तर खरं," कुमुदताई म्हणाल्या. "नीट बघा."

मी नीट बघितलं. डोळ्यांत तेल घालून बघितलं. विमानं सरासरी सहा वर्षांची. वीस वर्षांत एकही माणूस दगावलेला नाही. देखभाल स्वतःची, वैमानिक अनुभवी, कोणत्याही देशाच्या काळ्या यादीत नाव नाही. दुपारपर्यंत दोन्ही पानं भरली, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकणार तेवढ्यात एका जुन्या अहवालात एक परिच्छेद निघाला. नऊ वर्षांपूर्वी उतरताना त्यांच्या एका विमानाचं एक टायर फुटलं होतं. विमान धावपट्टीवरच थांबलं, माणसं शिडीनं उतरली आणि चालत गेली. कोणाला खरचटलंसुद्धा नाही.

टायर फुटणं म्हणजे काहीच नाही. विमानाची टायर फुटतात, म्हणूनच ती एकापेक्षा जास्त असतात. पण मी वहीत ते लिहायला पेन टेकवलं आणि माझा हात थांबला. हे वाचून दाखवलं की त्या म्हणणार, टायर? मग नको. मग पाचवा कागद, सहावा कागद, आणि तिकडे पोरगं आईची वाट बघत पडलेलं. माझ्या दोन नियमांपायी ती बाई आपल्या मुलाला भेटायची राहील, असं माझ्या मनात आलं आणि मला स्वतःची लाज वाटली.

मी ती ओळ कोरी ठेवली. चौतीस वर्षांत आणि त्यानंतरही पाहिलेला दोष मी पहिल्यांदा लपवला, आणि लपवताना मला आपण फार मोठं काहीतरी करतोय असं वाटत होतं.

चार वाजता कुमुदताई आल्या. मी वही त्यांच्याकडे फिरवली.

"पास," मी म्हटलं.

त्या वहीकडे बघत राहिल्या. "काहीच नाही सापडलं?"

"काहीच नाही."

"पुन्हा एकदा बघा ना, भाऊ. घाई नका करू."

"ताई, सकाळपासून तेच करतोय."

"इंजिन बघितलंत? चाकं, पंख, सगळं?"

"सगळं."

"तुम्ही तर नेहमी काहीतरी काढता," त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मंदा स्वयंपाकघरातून बाहेर येऊन दारात उभी राहिली. "आजच कसं नाही सापडलं?"

मी हसलो. हो, हसलो मी. म्हटलं, नसलेला दोष कुठून काढू? लागला तर शिक्का मारून देतो. आणि खरोखरच एका कागदावर कंपनीचं नाव लिहून खाली गोल काढला, त्यात सत्तेचाळीस घातला. शिक्का जमा केल्यापासून मी तो आकडा कशावरही घातला नव्हता. कुमुदताईंनी कागदाची घडी केली, पर्समध्ये पासपोर्टच्या आत ठेवली.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग निघते उद्या."

मंगळवारी दुपारचं विमान होतं. सोमवारी संध्याकाळी मंदा त्यांची बॅग भरायला गेली आणि परत येऊन पलंगावर बसली. काय झालं विचारलं तर म्हणाली, "बॅगेत खायचं काहीच नाही हो. मेतकूट नाही, लोणचं नाही, वडीचा तुकडा नाही. मी मेतकुटाचा डबा नेला, तर म्हणाली, राहू दे वहिनी."

"दवाखान्यात कोण मेतकूट खातंय?" मी म्हटलं.

"पल्लवी आहे ना. आणि तो बरा झाल्यावर?" मंदा म्हणाली. मला त्या वेळी तिकीट छापायची घाई होती.

सकाळी सहाला आम्ही तिघं भाड्याच्या गाडीनं निघालो. कुमुदताईंनी घोटीला चहासाठी गाडी थांबवायला लावली. कसाऱ्याचा घाट उतरल्यावर पुन्हा थांबवायला लावली, आणि तिथं पुढ्यात आलेला चहा त्या इतका सावकाश पीत होत्या की मी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. ड्रायव्हरला म्हणाल्या, दादा, हळू चालवा, घाई नाही. मी म्हटलं, घाई कशी नाही? विमान कोणाच्या सासऱ्याचं नाही थांबायला. मंदानं माझ्या गुडघ्यावर हात दाबला. मी बोलतच राहिलो, विमानात कान दुखले तर काय करायचं, हवेचे धक्के बसले तर मनात आकडे कसे मोजायचे. घाबरलेल्या माणसांसाठी मी हे सगळं पाठ केलेलं होतं. त्या हो हो म्हणत होत्या.

विमानतळाच्या दारात बॅग ढकलगाडीवर ठेवून मी म्हटलं, आता अजिबात घाबरायचं नाही.

"नाही घाबरत, भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमचा शिक्का आहे. आता जायलाच पाहिजे."

मंदाला मिठी मारून त्या आत गेल्या. मंदा घरी येईपर्यंत रडत होती, आणि मी तिची समजूत घालत होतो की विमान एकदम चांगलं आहे.

बुधवारी सकाळी मी कॉम्प्युटरवर बघितलं, विमान वेळेवर उतरलं होतं. एक मिनिटही उशीर नाही. मी मोठ्यानं मंदाला हाक मारून सांगितलं. वहीत तारीख घातली. दिवसभर माझ्या अंगात तरतरी होती, संध्याकाळी फिरायला गेलो तेव्हा मी दोघातिघांना सांगितलंही की कुमुदताईंना शेवटी विमानात बसवलं.

गुरुवारी सकाळी पल्लवीला फोन लावला. तिकडे बुधवारची रात्र होती. आई पोहोचल्या का नीट, विचारलं. पोहोचल्या म्हणाली. उन्मेष कसा आहे, विचारलं.

ती म्हणाली, "आज दुपारी मशीन काढलं, काका."

मला समजेना. मी म्हटलं, म्हणजे बरा आहे?

"काका, डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की आता काही उरलेलं नाही. मीच म्हटलं, त्याची आई येऊन त्याला बघेपर्यंत काढायचं नाही. त्यांनी ऐकलं. आई सकाळी आल्या, चार तास त्याचा हात धरून बसल्या. मग म्हणाल्या, काढा." ती रडत नव्हती, तिचं रडून झालं असावं. "मी आईंना पहिल्याच फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

मी फोन मंदाच्या हातात दिला आणि खुर्चीवर बसलो. तिकडे बाई पोहोचल्या की मशीन निघणार होतं. पोहोचेपर्यंत मुलगा होता. शुक्रवारी होता, शनिवारी होता, रविवारी त्यांनी गोधड्या धुतल्या तेव्हाही होता. माझ्या तोंडून निघणाऱ्या एकेका नापासावर त्या त्याचा एकेक दिवस वाढवत होत्या, आणि मी त्यांना धीर देत होतो.

मंदानं फोन ठेवला. मग मेतकुटाचा तो डबा ओट्यावरून उचलून आत ठेवला.

कुमुदताई दीड महिन्यानं परत आल्या. कॉलनी भेटून गेली, आम्हीही गेलो. मग एका दुपारी त्या आपणहून आमच्याकडे आल्या, नेहमीच्या खुर्चीवर बसल्या. बऱ्याच वाळल्या होत्या.

"विमान चांगलं होतं," त्या म्हणाल्या. "जाताना हललंसुद्धा नाही. मला उगीचच भीती वाटायची. आधीच गेले असते तर दोनदा तरी भेट झाली असती."

मी म्हटलं, ताई, माझं चुकलं. सात वेळा मी तुम्हाला अडवलं. त्या म्हणाल्या, तुम्ही कुठे अडवलंत, मीच अडकायला यायचे. मग मी विचारलं की शेवटच्या वेळी खरं का सांगितलं नाही. मला कळलं असतं तर...

"तर काय केलं असतंत?" त्यांनी शांतपणे विचारलं. "खोटा दोष काढला असतात? तुम्ही नसता काढला. आणि मला खोटा नकोच होता. खोट्यावर कसं थांबायचं? खरा असता तर थांबता आलं असतं."

त्यांनी पर्स उघडली आणि माझा तो कागद काढून टेबलावर ठेवला. घडीवर फाटायला आला होता.

"एक विचारू, भाऊ? त्या विमानात खरंच काही नव्हतं?"

आत मंदाच्या हातातला चमचा थांबला. नाही म्हणणं सोपं होतं. एकदा म्हणून झालंच होतं, दुसऱ्यांदा जड गेलं नसतं.

"एक टायर फुटलं होतं," मी म्हटलं. "नऊ वर्षांपूर्वी, उतरताना. कोणाला काही झालं नव्हतं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता. राग असता तर मी सोसला असता. त्या बालवाडीतल्या मुलांकडे बघत तसं बघत होत्या, चुकलेल्या मुलाला आपली चूक समजेपर्यंत वाट बघतात तसं.

"टायर," त्या म्हणाल्या. "एका टायरवर माझे दोन दिवस सहज निघाले असते, भाऊ."

मंदानं चहा आणून ठेवला. त्यांनी तो सगळा प्यायला. जाताना दारात थांबल्या, चपला घालता घालता म्हणाल्या, "ते वहीत लिहून ठेवा. दुसऱ्या कोणाला लागेल."

मी वही काढली आणि त्यांच्यासमोर त्या कोऱ्या ओळीत लिहिलं.